पैंजण गेले, कोट आला

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत परदेशी मुलांबरोबर पत्रमैत्रीचा उपक्रम चालवत होता ना? त्याच्या हृद्य आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, हृद्य हव्या असतील तर दुसरं दार वाजवा, माझ्याकडं आहेत त्या कडू आहेत. ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलताहेत. आता मी आणि विनय! माझ्या हाताखालून गेलेली कोल्हापुरातली कुठलीही पोरगी गाठा आणि विचारा. तर जाता जाता ते म्हणाले, कडू तर कडू, पण लिहा. म्हणून बसले आहे.

मी पाचवी ते सातवीला इंग्रजी आणि भूगोल शिकवत असे. सत्तर सालानंतरची गोष्ट. निरनिराळ्या देशांतल्या मुलांची गाठ घालून देणारी एक संस्था होती. तिला आपल्या वर्गाची नावं, वयं आणि आवडीनिवडी कळवायच्या, मग ती तिकडची एखादी शाळा गाठून देई. आम्हाला मिळाली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावातली शाळा. तिथल्या शिक्षिका मिस बेट्स. त्यांनी त्यांची पोरं मोजायची, मी माझी, आणि मग जोड्या लावायच्या. इथंच पहिला घोळ. आमच्या नावांवरून मुलगा की मुलगी हे त्यांना काय कळणार? आमच्या सुहासला तिकडच्या एका मुलीनं बाहुलीचे कागदी फ्रॉक कापून पाठवले. सुहास हा तालमीत जाणारा गडी. त्यानं आठवडाभर दप्तर उघडलं नाही.

लोकांना वाटतं, पत्रमैत्री म्हणजे काय, पोरांनी लिहायचं आणि पेटीत टाकायचं. अहो, आमच्या पोरांची इंग्रजीची सुरुवातच मुळी पाचवीत. ती मराठीत लिहायची, मी त्याचं इंग्रजी करायची, मग ती ते चित्र काढल्यासारखं उतरवून काढायची. निळी हवाई पत्रं महाग, म्हणून एकेका पत्रात दोघादोघांचा मजकूर बसवायचा. तिकडून आलेलं पत्र मी वर्गात मराठीत वाचून दाखवायची. उतरवून, तपासून, पुन्हा उतरवून घेण्यात माझे सगळे रविवार गेले. घरचे म्हणायचे, तुझं लग्न शाळेशी झालंय की पोस्टाशी?

आणि पोरं लिहायची काय? निबंध! "आमचे कोल्हापूर शहर ऐतिहासिक असून येथे अंबाबाईचे देऊळ व रंकाळा तलाव ही प्रेक्षणीय स्थळे आहेत." प्रत्येकाचं तेच. मी म्हणायची, अरे, त्या पोराला प्रेक्षणीय स्थळं कशाला हवीत? तू काल काय केलंस ते लिही. तुझ्या बहिणीनं तुला का मारलं ते लिही. पोरं माझ्याकडं टकामका बघायची. मारलं ते लिहायचं असतं? शाळेच्या कागदावर? कागद दिसला की आमच्या पोरांच्या अंगात निबंध शिरतो. तो बाहेर काढता काढता माझं एक वर्ष गेलं.

गिऱ्हाइकंही एकेक. एका मुलाचे वडील दुपारी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, त्या पोराच्या बापाचा कारखाना हाय म्हणं. आमच्या पोराला तिकडं लावून द्या की." मी म्हटलं, तो मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याच्या हातात काय आहे? तर म्हणाले, "वळख वाढवायला काय जातंय?" दुसऱ्या एकीची आजी येऊन बजावून गेली, की आमच्या पोरीला क्रिस्ताव केलंसा तर बघा. मी म्हटलं, आजी, तिला अजून दहाचा पाढा येत नाही, आधी तो पाठ करून घेते, मग पुढचं बघू.

पण या सगळ्यांवर ताण आमचे हेडसर. त्यांच्या मेहुण्याला तिकिटं जमवायचा नाद. टपाल आधी हेडसरांच्या टेबलावर जाई, आणि पत्र पोराच्या हाती येई ते तिकिटाच्या जागी चौकोनी भोक पडूनच. पाकीट असेल तर ठीक, पण तिकडूनही बरीच निळी घडीची पत्रं यायची. त्यांत तिकिटाच्या मागच्या बाजूला मजकूर असतो. एका पोराला तिकडून पत्र आलं, "आमचा कुत्रा परवा रस्त्यावर..." पुढं भोक, आणि भोकानंतर, "म्हणून आई रडली." पोरगा मला रोज विचारायचा, बाई, कुत्र्याचं काय झालं हो? मी हेडसरांकडं गेले. ते म्हणाले, "बाई, तिकीट हे शाळेच्या पत्त्यावर आलेलं आहे, म्हणजे शाळेचं आहे." हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. माणूस वाईट नव्हता, लबाडही नव्हता. पण शाळेच्या पत्त्यावर आलेली प्रत्येक वस्तू आपल्या हातून गेली पाहिजे, जमलं तर हारतुऱ्यासकट गेली पाहिजे, असा त्यांचा धर्म होता.

आता मंगलचं सांगते. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मंगल हुपरीची. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, पैंजण बनतात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या वडिलांना सगळे आण्णा म्हणत. घराच्या पुढच्या सोप्यातच कारखाना, हाताखाली माणसं, खाऊनपिऊन सुखी घर. मंगल चौथीत पहिली आली तेव्हा तिथल्या गुरुजींनी आण्णांच्या मागं लागून तिला कोल्हापूरला धाडायला लावलं. मामा उचगावला राहायचा आणि इकडं एका वर्कशॉपमध्ये कामाला यायचा. त्याच्याकडं तिला ठेवली. त्या घरातली मुलगी शाळेसाठी बाहेर राहण्याची ही पहिलीच खेप. भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली. आण्णांनी सगळ्यांना सांगून टाकलं, पोरगी मॅट्रिक होईपर्यंत शिकंल, मग बघू. पण हे कबुलीचं दार किती कच्चं असतं, हे आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत होतं. पोरीकडून किंवा शाळेकडून काही कमीजास्त झालं, की दार लागलंच.

मंगल काळीसावळी, बारीक, आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. आमच्याकडच्या बायका जशा मी आलो, मी गेलो म्हणतात तसं तीही बोले. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी तिला हटकलं, मुलीनं आले, गेले म्हणावं. तर म्हणते कशी, "आमची आई जातो म्हणती आन् येतो बी म्हणती. तिचं काय अडलं न्हाय."

तिची जोडी कॅरोल नावाच्या मुलीशी लागली होती. आणि माझ्या अख्ख्या वर्गात निबंध न लिहिणारी ही एकटी. पहिलंच पत्र तिनं असं लिहिलं, की शनिवारी मी एसटीनं घरी जाते. चप्पल दारात काढून कामाला बसते. माझा भाऊ शेगडी फुंकतो. घुंगरांची बारीक कडी मीच जोडते, कारण आई म्हणते माझी बोटं बारीक आहेत, माझ्यासारखं कुणाला जमत नाही. मग आम्ही रिठ्याच्या पाण्यात पैंजण उजळतो. तेव्हा ते असे चमकतात की वाटतं आपणच घालून पळावं. पण ते गिऱ्हाइकाचे असतात. तुझ्या घरी काय बनवतात?

असं पत्र! मला इतका आनंद झाला की मी ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. इंग्रजी करताना एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. कॅरोलचं उत्तर आलं, की माझे वडील दूधवाले आहेत, आम्ही काही बनवत नाही, पण मी पहाटे त्यांच्याबरोबर गाडीत बसून बाटल्या ठेवत जाते. मंगल टाळ्या पिटत म्हणाली, "म्हंजी आमच्यासारखीच हाय की!" त्या दिवशी तिनं मला सांगून टाकलं, "बाई, मॅट्रिक झालो की मी कॅरोलला तुमच्याबिगर पत्र लिवतो. माझं मी, इंग्लिशमधनं." ती ते नुसतं बोलून थांबली नाही. इंग्रजीत ती वर्गाच्या पुढं धावायला लागली. मधल्या सुट्टीत माझ्यामागं फिरायची, बाई, बोटांना काय म्हणत्यात, शेगडीला काय म्हणत्यात.

सहावी संपता संपता तिनं कॅरोलसाठी पैंजण केले. स्वतः. साखळी वडिलांनी दिली, बाकी कडीन्कडी हिची. आण्णा स्वतः माझ्याकडं आले, रुमालातून ते काढून दाखवले. "पोरीच्या हातचं पयलं काम हाय बाई. विकायला ठेवलं न्हाई. मैत्रिणीला जाऊ दे." माझ्या ओळखीच्या डॉक्टरांचा मुलगा शिकायला विलायतेला चालला होता. त्याच्या हाती ते धाडले.

नंतर बरेच महिने कॅरोलचं काही आलं नाही. सातवीच्या दिवाळीनंतर एकदम मिस बेट्स यांचं लांबलचक पत्र आलं, त्यातच कॅरोलची चिठ्ठी, आणि मागोमाग बोटीनं आलेलं एक भलंमोठं खोकं.

मिस बेट्स लिहीत होत्या, की मंगलचं पत्र आम्ही शाळेत वाचलं, गावच्या सभेतही वाचलं. एवढीशी मुलगी अनवाणी पायानं विस्तवाशी बसून इवल्या बोटांनी काम करते, हे ऐकून लोकांचे डोळे भरून आले. तिनं पाठवलेले सुंदर पैंजण आम्ही उन्हाळ्यातल्या विक्रीत ठेवले. त्यांना फार चांगली किंमत आली. त्यातून खोकं पाठवण्याचा खर्च निघाला. आमच्या मुलांनी आपले कपडे दिले आहेत, ते मंगलला आणि तिच्यासारख्या कष्टकरी मुलांना द्यावेत.

मी ते पत्र वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीनं अभिमानानं सांगितलं की मला बारीक काम येतं, आणि ह्यांनी सभा भरवून रडून घेतलं! तिच्या हातचं पहिलं काम विकून तिलाच जुने कपडे! आणि दूधवाल्याच्या गाडीतून पहाटे बाटल्या ठेवायचं जे काम तुमच्याच कॅरोलचं, त्याला काय म्हणायचं, मिस बेट्स? त्याच्यावर कुठं सभा झाली नाही ती?

कॅरोलची चिठ्ठी मात्र वेगळी होती. चारच ओळी. "पैंजण एक दिवस माझ्या पायात होते. मी घरभर पळाले. मग बाईंनी ते विक्रीसाठी मागून नेले. मी तुला माझा लाल कोट पाठवते आहे. तो मला अजून होतो, पण तू घाल."

मी मंगलला बाजूला घेऊन चिठ्ठी वाचून दाखवली. मला भीती होती की पैंजण विकले म्हटल्यावर पोरगी हिरमुसेल. ती माझ्या हातातल्या चिठ्ठीत डोकावली. मग म्हणाली, "एक दिस तरी घातलं न्हवं? पळाली न्हवं?" आणि लगेच, "कोट कुठाय बाई?"

कोट हेडसरांच्या खोलीत. खोकं तिथंच फोडलं होतं. लोकरीचे स्वेटर, शाळेचे बूट, टोप्या, सगळं धुऊन घडी घातलेलं, प्रत्येक कॉलरच्या आत त्या त्या मुलाचं नाव शिवलेलं. लाल कोटात कॅरोलचं नाव. मी म्हटलं, "सर, बाकीचं काय करायचं ते करा. हा कोट तिच्या मैत्रिणीनं पाठवलाय, तेवढा मी मंगलला वर्गात देऊन टाकते."

"बाई, पार्सल शाळेच्या नावानं आलंय. परदेशातून आलंय. असं वर्गात बोळवून चालेल? संमेलन तोंडावर आहे. प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते देऊ."

"सर, ती देणगी घेणारी पोरगी नाही. चांगल्या घरची आहे. स्टेजवर तिला कपडे देणं बरं दिसणार नाही."

"भेट म्हणून देऊ हो. तुम्ही निश्चिंत राहा."

भेट म्हणून. हे शब्द त्यांच्या तोंडचे. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले.

संमेलनाला आण्णा सहकुटुंब आले होते, कारण मंगलचं सहावीतलं पहिल्या नंबराचं बक्षीस होतं. नवा पटका, कडक इस्त्रीचं धोतर. आई हिरव्या इरकलीत. शेजारी उचगावचा मामा, आणि भावकीतलेही दोघं, ज्यांनी नाकं मुरडली होती तेच. आण्णांनी त्यांना मुद्दाम गाडी करून आणलं होतं, की बघा, पोरगी काय करती. प्रमुख पाहुणे कुठल्याशा बँकेचे चेअरमन होते. बक्षीस घेऊन मंगल खाली आली तेव्हा आण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग हेडसरांनी माईक हातात घेतला. मी पडद्याजवळ उभी होते. सर म्हणाले, "आता इंग्लंडमधील दानशूर बांधवांनी आपल्या शाळेतील गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी पाठवलेल्या कपड्यांचं वाटप होईल. पहिलं नाव, कुमारी मंगल."

 मी पडद्याआडून हात करत होते, सरांनी बघितलंही नाही. आणि मंगल? ती धावत स्टेजवर आली. आनंदानं. तिला त्या माईकवरच्या शब्दांशी देणंघेणं नव्हतं, तिला कॅरोलचा कोट मिळत होता. चेअरमनसाहेबांनी कोट धरला, हिनं बाह्या घातल्या, फोटोवाल्यानं दिवा उडवला. कोल्हापूरच्या दुपारी तो जाडजूड लोकरीचा कोट, आणि आत कॉलर उलटी करून नाव बघणारी पोरगी.

आण्णा उठले. घाई नाही, आरडाओरडा नाही. मधल्या वाटेनं चालत आले, पायऱ्या चढले. मंगलच्या अंगातून कोट काढला. त्याची नीट घडी घातली, जशी दुकानात घालतात तशी, आणि चेअरमनसाहेबांच्या टेबलावर हाराशेजारी ठेवली. माईक चालूच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "पावणं, ह्ये कुणातरी गरजवंताला द्या. आमच्या घरात जुनेर आमी देतो. घेत न्हाई."

मंगलचा हात धरून ते खाली उतरले. भावकीतले दोघं आधीच उठून उभे होते. त्यातल्या एकाच्या तोंडावर जे हसू होतं ते मला आजही दिसतं. त्या हसण्यानंच पोरीची शाळा गेली, असं माझं मत आहे.

सोमवारी मंगल आली नाही. मंगळवारी मामा आला आणि शाळा सोडल्याचा दाखला मागायला लागला. मी त्याला थोपवून धरला आणि शनिवारी हुपरीची एसटी पकडली. सातवीची परीक्षा तोंडावर आलेली. पोरगी आत्ता घरी बसली तर पुन्हा उठायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आण्णांनी मला पाट दिला, चहा दिला. मी सगळं सांगितलं, कॅरोलची चिठ्ठीही वाचून दाखवली. ते म्हणाले, "बाई, मैत्रिणीनं दिला आसंल. चांगली पोरगी आसंल ती. पर माईकवर काय म्हणले त्ये सांगा. गरीब म्हणले का न्हाई?"

"म्हणाले."

"मी गरीब हाय व्हय? माज्या पोरीनं हातानं केल्यालं चांदीचं पैंजण गेलं, आन् उलट मलाच जुनेर? भावकीफुडं? मी ह्या लोकास्नी गाडी करून घिऊन आल्तो बाई."  मग म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई. पोरगी शिकली पायजे ह्ये मलाबी कळतंय. माजी येकच गोष्ट. ज्या स्टेजवरनं म्हणले, त्याच स्टेजवरनं तुमच्या हेडसरांनी म्हणावं, की चुकलं. सगळ्या पोरांम्होरं. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळंत."

मला ते रास्त वाटलं. आजही वाटतं. उलट पावली हेडसरांकडं गेले.

"मुख्याध्यापकानं भर शाळेत पालकाची माफी मागायची?" ते म्हणाले. "उद्यापासून शिस्त राहील का बाई? आणि गरीब म्हणजे काय शिवी आहे? मी स्वतः वारावर जेवून शिकलो. स्टेजवरून मलाही पुस्तकं मिळाली आहेत. मला काही त्याची लाज वाटली नाही."

मी म्हटलं, "सर, एक वाक्य बोला. एकच. पोरीचं वर्ष वाचेल."

बरंच डोकं खाल्ल्यावर ते इतकं म्हणाले, की आण्णांनी माझ्या खोलीत यावं, गैरसमज झाला असं मी त्यांना सांगेन. मी पुन्हा हुपरीला. आण्णा म्हणाले, "बोलताना माईक, आन् चुकलं म्हणताना खोली? न्हाई जमायचं." मी म्हटलं, मी स्टेजवरून माफी मागते, उपक्रम माझा होता. तर हात जोडून म्हणाले, "तुमी नगा, बाई. तुमचं काय चुकलंय?"

झालं. एक माणूस पायरीवर उभा, दुसरा खुर्चीत, आणि दोघंही हलायला तयार नाहीत. मध्ये एसटीनं हेलपाटे घालणारी मी. निरोप नेतेय, निरोप आणतेय, ह्याचा राग त्याला सांगतेय, त्याचा ह्याला. दोघांनाही आतून पोरीचं भलं हवं होतं, ह्याचाच मला जास्त संताप येतो. वाईट माणसांशी भांडता येतं. मी त्या महिन्यात माझ्या घरच्यांशी, पोस्टातल्या क्लार्कशी, भाजीवालीशी, सगळ्यांशी भांडले. हुपरीला गेले की मंगल सोप्याच्या कोपऱ्यात कडी जोडत बसलेली दिसायची. मान वर करून बघायची आणि पुन्हा खाली घालायची. मी तिला म्हणायची, काळजी करू नकोस, मी बघते. आणि आण्णांकडं वळायची.

परीक्षा झाली. मंगल नव्हती.

मिस बेट्सना मी जहाल पत्र लिहिलं. अगदी उभं आडवं घेतलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की आमचा हेतू चांगला होता, गैरसमजाबद्दल खेद वाटतो, आणि जमल्यास मंगलचा कोट घातलेला फोटो पाठवावा, आमच्या मुलांना आनंद होईल. मी ते पत्र फाडलं, आणि माझ्यापुरती पत्रमैत्री तिथंच थांबवली. हेडसरांनी ती दुसऱ्या एका बाईंकडं सोपवली. त्यांनी पोरांना पुन्हा अंबाबाई आणि रंकाळा लिहायला लावला. तिकडून उत्तरं येईनाशी झाली आणि सगळं आपोआप संपलं. कॅरोलची मात्र त्यानंतरही दोन पत्रं आली. हुपरीच्या पत्त्यावर मी ती पुढं धाडली. पत्र वाचून काढण्याइतकं इंग्रजी तिथं कुणाला येत नव्हतं.

लोक मला विचारतात, पत्रमैत्रीनं मुलांना काय मिळालं? मी सांगते, तिकिटं. तीही हेडसरांच्या मेहुण्याला. असं बोललं की लोक विषय बदलतात. तेवढं समाधान मी आता घेते.

यानंतर बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीच्या जवळ आले असताना, परीक्षेच्या कामासाठी मला गारगोटीला पाठवलं होतं. संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला. भाचीचं लग्न ठरलेलं, म्हणून जोडवी बघायला बाजारपेठेतल्या एका चांदीच्या दुकानात शिरले. तराजूमागची बाई माझ्याकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "बाई!"

मंगल. अंगानं भरलेली, कपाळावर मोठं कुंकू, आवाज तोच. सासर गारगोटीचं, दुकान नवऱ्याचं, पण हिशेब, गिऱ्हाईक, जुन्या चांदीची मोड घेणं, सगळं हीच बघत होती. मुलगी बालवाडीत जाते म्हणाली. मला आत बसवलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झालं. आण्णा गेले होते. हेडसरही गेले होते. मी म्हटलं, "मंगल, त्या दोघांनी आपापला मान सांभाळला आणि तुझी शाळा गेली. मी काय कमी हेलपाटे घातले? आण्णांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. सरांशी तर कायमचं वाकडं आलं."

"व्हय की," ती म्हणाली. "मी बघतच हुतो. दर शनवारी तुमी आला की मला वाटायचं, आज इचारतील."

"काय विचारतील?"

गिऱ्हाईक आलं होतं. तिनं त्याला बसायला खुणावलं. माझ्यासाठी काढलेली जोडवी हातातल्या फडक्यानं पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तुमी सरांस्नी इचारलंसा, आण्णांस्नी इचारलंसा. मला कुणी इचारलंच न्हाई बाई, शाळंत यायचं हाय का म्हणून." तिचा आवाज रागाचा नव्हता. एखादी जुनी गोष्ट सांगावी तसा होता. "मी आलो असतो की. त्यो कोट घालून बी आलो असतो."